पुस्तकात नसलेली भाकरी

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना भूक लागत नसावी असं माझं मत आहे, आणि ते आजचं नाही, पंधराव्या वर्षापासूनचं आहे. त्यांच्या पुस्तकात माणूस चंद्राच्या पलीकडं जातो, तिथं बोगदे खणतो, मध्ये दोन युद्धं होतात, पण एका पानावर कुणी कुणाला जेवलास का म्हणून विचारत नाही. फार तर गोळी गिळतात. चाळीस वर्षांचा प्रवास, आणि एका गोळीवर भागलं! मी इथं वापीला दुपारची कामं आवरून मोबाइलवर वाचत बसते, आणि असं पान आलं की तोंडातनं शब्द जातो. मुलगा म्हणतो, "आई, कुणाशी भांडायलीस?" मी म्हणते, लेखकाशी. तो हसतो. त्याला वाटतं मी गंमत करते. मला खरंच राग आलेला असतो.

हा राग कुठनं आला ते सांगायचं तर बिदरजवळच्या नौबादला गंगाक्काच्या घरात जावं लागेल. गंगाक्का माझ्या अप्पांची चुलत बहीण, म्हणजे नात्यानं आत्या. पण येणारं-जाणारं सगळं जग तिला अक्का म्हणायचं म्हणून मीही तेच म्हणू लागले. तिच्या घरात कडक भाकऱ्या होत. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, वर तीळ दाबायचे, तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या कडेला फडक्यानं दाबत दाबत पापडासारखी कुरकुरीत करायची. अशी भाकरी महिना महिना टिकते. लग्नघरं, खानावळी, लांब नोकरीला निघालेली मुलं, सगळ्यांना ती लागे. मागच्या पडवीत तीन चुली, तीन काठवटी; एक अक्काची, दोन कामाला येणाऱ्या बायकांच्या. सकाळी आठला थापायला सुरुवात झाली की दुपारपर्यंत तो आवाज थांबत नसे. गंगाक्काची थाप जड, एकसारखी. काशीबाईची थाप भरभर, भांडल्यासारखी. शरणम्माची थाप ऐकूच येत नसे. तिची भाकरी मात्र सगळ्यांत मोठी.

मी तिथं आले कारण मी शाळा सोडली होती. आठवी सोडली. नापास नाही झाले, सोडली. हा फरक मी अजूनही लोकांना न विचारता सांगत बसते. आमच्या हळ्ळीखेडला सातवीपर्यंत मी मराठीत शिकले. पुढं हायस्कूल कन्नडचं. आता कन्नड मला येत नव्हती असं नाही. घरात अव्वा कन्नड, अप्पा मराठी, आणि भांडण दोन्हीत. पण तोंडातली कन्नड वेगळी आणि विज्ञानाच्या पुस्तकातली वेगळी. मास्तर फळ्यावर एक शब्द लिहीत, तो मला अर्ध्या फळ्याएवढा लांब दिसे, आणि तो झाडाच्या पानाबद्दल आहे की हवेबद्दल हे कळेपर्यंत तास संपे. सहा महिने मी काढले. मग एक दिवस दप्तर खुंटीला लावलं ते लावलंच. अप्पा रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. ते म्हणाले, "बरं. नौबादला अक्काकडं जा. हाताला काम पडल."

हाताला काम पडलं, पण हातच कामाचे नव्हते. माझी भाकरी काठवटीतच फाटे. गंगाक्कानं आठ दिवस बघितलं. नवव्या दिवशी म्हणाली, "तुझ्या हातात पीठ द्यायचं म्हणजे ज्वारीचं पाप. तू बस तिकडं. वाचायला येतंय न्हवं? मग वाच कायतरी. हातं आमची चालत्यात, कानं रिकामीच हायत."

मी आयुष्यात ज्यांचं ऋण मानते त्यात हे वाक्य वर आहे.

पुस्तकं मिळत ती बिदरातल्या एका मराठी मंडळाच्या खोलीतनं. दोन कपाटं, एक टेबल आणि बिराजदार सर. सर निवृत्त शिक्षक, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग कायमचा. वाचनालय शाळेतल्या मुलांसाठी आणि वर्गणीदारांसाठी होतं. मी दोन्हीत नव्हते. सरांनी वहीत माझं नाव लिहिलं, पुढं 'इयत्ता' असा रकाना होता तिथं पेन थांबवलं, माझ्याकडं बघितलं आणि आडवी रेघ मारली. काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर मी मैलूरपर्यंत चालत गेले, उलट्या दिशेला, आनंदात लक्षातच आलं नाही.

तर मी वाचू लागले. गोम अशी की शरणम्माला मराठी कळत नसे. ती कलबुर्गीकडची, चिंचोळीच्या बाजूची. ऊन, पाणी, पैसा असे पाच-दहा शब्द सोडले तर मराठीत तिचं काही चालत नव्हतं. म्हणून मी एक परिच्छेद पुस्तकातनं मराठीत वाचायची आणि मग तोच कन्नडात सांगायची. शाळेत ज्या भाषेनं मला बाहेर काढलं तिच्यातच मी रोज चार तास मंगळावरचं हवामान सांगत होते. कुणी परीक्षा घेत नसलं की माणसाला सगळं येतं.

आणि काय ऐकणाऱ्या होत्या त्या! प्रेमाच्या कादंबऱ्या त्यांनी दोन आठवड्यांत निकालात काढल्या. नायिका खिडकीत उभी राहून बाहेर बघते, तिचं डोकं दुखतं, पत्र येत नाही. काशीबाई म्हणाली, "तिला एक पोतं ज्वारी निवडायला द्या, डोकं दुखायचं बी राहील आन पत्र बी यील." ऐतिहासिक कादंबरीत सगळे जण सभेत उभं राहिल्यासारखं बोलतात, बायकोशीसुद्धा, ते गंगाक्काला आवडे, पण तिला त्यात झोप लागे, आणि तव्यावरची भाकरी करपे. खेड्यावरची कादंबरी आणली तर काशीबाई चिडली. ती आमच्यातली एकटीच खरी शेतात राबलेली, मैलूरच्या बौद्ध वस्तीत राहायची. म्हणाली, "ह्या पुस्तकातली माणसं हसतच न्हाईत गं. आमी काय हसलोच न्हाई का जल्मात? माझा बाप मेला त्या दिवशी बी त्याच्या धोतरावरनं हसलोय आमी." हे मत मला आजही पटतं. आमच्या हालाबद्दल लिहिणारे लोक आमचं हसणं घरी विसरून येतात.

पण विज्ञानकथा त्यांना आवडली. का, ते मला पुष्कळ वर्षं कळलं नाही. कारण दोष तर तिच्यात सगळ्यांत जास्त. एक शास्त्रज्ञ दुसऱ्या शास्त्रज्ञाला म्हणतो, "आपल्याला ठाऊकच आहे की..." आणि मग तीन पानं सांगतो. काशीबाई: "ठाऊकच हाय तर सांगायलाय कामून?" बाई कॉफी घेऊन येते आणि "म्हणजे काय?" एवढंच विचारते, की पुन्हा तीन पानं. यंत्रमानव आधी सगळं ऐकतो, मग एक दिवस ऐकत नाही, आणि सगळे थक्क होतात. गंगाक्का: "सून आणली म्हणायची." परग्रहावरचे लोक उतरल्या उतरल्या आपली भाषा बोलतात, हे तर मला अजून सहन होत नाही. आमच्या गल्लीत चार भाषा, बहुतेकांना सगळ्या येतात, तरी नळावर रोज भांडण. आणि हे दुसऱ्या ताऱ्यावरनं येऊन पहिल्या वाक्यात समजून घेतात!

त्यात शरणम्माचा एकच प्रश्न. कुणीही पानावर आलं की ती खाली मान घालून थापता थापता विचारी, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. सेनापती आला, ऊट आयता? यान सुटलं, ऊट आयता? तिचा मुलगा दुबईला होता, चार वर्षं आला नव्हता. मी पहिल्यांदा म्हणाले, लिहिलं नाही. ती मान वर करून माझ्याकडं अशी बघायची की मीच त्याला उपाशी ठेवलंय. मग मी जेवण देऊ लागले. कन्नडात सांगताना हळूच सेनापतीला मुद्दीपल्या, म्हणजे डाळ घातलेली पालेभाजी, आणि भाकरी, यानातल्या मुलांना शेंगाची चटणी. मराठीत वाचताना एक अक्षर बदलत नव्हते. कन्नडात मात्र सगळे जेवत होते.

अशातच ती कादंबरी आली. नाव सांगत नाही; लेखकाला माझ्याकडनं आणखी त्रास नको. एक तरुण यानातनं दूर जातो. त्याच्या घड्याळानं दोन वर्षं, इथं चाळीस. तो परत येतो, उतरतो, लोक टाळ्या वाजवतात, तो मानवजातीच्या भवितव्यावर दीड पान भाषण करतो आणि पुस्तक संपतं. मी मराठीत वाचून, कन्नडात सांगून मिटलं. तीन काठवटी थांबल्या. शरणम्मा कन्नडात म्हणाली, "आणि आई?"

मी बघितलं. पहिल्या प्रकरणात आई होती, दारात उभी, डोळे पुसत. नंतर नव्हती. लेखक तिला दारातच विसरला होता.

मी पुस्तक पुन्हा उघडलं, शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि कन्नडात सांगू लागले. तो गावाला येतो. आई म्हातारी झालेली, तो तसाच तरुण. ती त्याला आधी ओळखत नाही, नातू समजते. भाकरी वाढते. त्याला गिळत नाही, दोन वर्षं गोळ्यांवर काढलेली, दात चावणं विसरलेत. मग ती कडक भाकरी चुरून दुधात भिजवते, बोटानं दाबून बघते, आणि लहानपणी भरवायची तशी भरवते. आणि त्याचं तोंड ज्या पद्धतीनं उघडतं त्यावरनं ती ओळखते की हा नातू नव्हे. म्हणते, "भाकरी मिळत न्हाई तिथं कशाला गेलतास रे?"

शरणम्मानं पदर डोळ्याला लावला, पिठाच्या हातानंच. काशीबाई म्हणाली, "हां. आता झालं पुस्तक."

ते पुस्तक परत गेलं. गोष्ट राहिली. वर्षभर त्यांनी ती माझ्याकडनं कितीदा सांगून घेतली त्याला गणती नाही. पाहुणी आली की, कुणाचं मन उदास असलं की. कधी कन्नडात, कधी काशीबाईसाठी मराठीत. दर वेळी दूध थोडं कोमट होई, आईची बोटं थोडी सुरकुतत.

मग मंडळानं निबंध मागवले. 'मला आवडलेली कादंबरी'. शाळा सुटलेल्या मुलामुलींसाठी खास. ज्याचा निबंध पहिला येईल त्याला मंडळ उदगीरला एका ओळखीच्या घरी ठेवणार, शिकवणी लावणार आणि बाहेरून दहावीला बसवणार. मराठीतनं. बिराजदार सरांनी तो कागद मला वाचून दाखवला नाही, हातात दिला आणि म्हणाले, "हे तुझ्यासाठीच काढलंय असं समज." तो कागद मी निकालापर्यंत रोज तीनदा उघडून बघितला. अशी धास्ती धरायची मला सवय आहे; आजही गॅसचं बटण तीनदा बघितल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही.

त्या कादंबरीवर लिहायचं ठरवलं. पुस्तक आणायला गेले तर सर म्हणाले, बाहेर गेलंय. मला काय, तोंडपाठ होतं. मी दोष सगळे लिहिले, ठाऊक असलेलं सांगणारे शास्त्रज्ञ, कॉफीवाली बाई, काही सोडलं नाही. आणि शेवटी लिहिलं की एवढं सगळं असून मी हे पुस्तक डोक्यावर घेते ते एका प्रसंगासाठी. मग तो प्रसंग लिहिला, दोन पानं. लिहिताना मला कुठंही शंका आली नाही. मी तो कन्नडातनं मराठीत आणत होते आणि समजत होते की मराठीतनंच वाचलाय. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या माणसाला कुठली गोष्ट कुठल्या दारानं आत आली ते आठवत नाही. हे मी आज शहाणपणानं म्हणते. तेव्हा हे म्हणायला शब्द नव्हते.

निकालाच्या दिवशी दुपारी हॉल भरला होता. गंगाक्कानं मला तिची निळी साडी नेसवली होती. परीक्षक उदगीरचे, निवृत्त प्राध्यापक, सफारीतले. त्यांनी माझंच नाव आधी घेतलं. उभं राहायला सांगितलं. म्हणाले, भाषा सगळ्यांत चांगली हिची. आणि माझा तो प्रसंग त्यांनी मोठ्यानं वाचला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं नाक ओढलं. मला वाटलं, उदगीरला जाताना ट्रंक न्यावी की पिशवी.

वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "मुली, पुस्तक वाचलंस का?"

"व्हय सर. चारदा."

"मग हे कुठल्या पानावर आहे, दाखव." आणि त्यांनी टेबलावरनं ते पुस्तक उचललं. बाहेर गेलेलं पुस्तक त्यांच्याकडंच गेलं होतं.

मी पुढं गेले. शेवटचं प्रकरण काढलं. टाळ्या होत्या, भाषण होतं. उलटून मागं गेले, पुन्हा पुढं आले. बोट थुंकीनं ओलं करून पानं सुटी केली, दोन चिकटली असतील म्हणून. पानांचे आकडे बरोबर होते. मागं कुणीतरी हसलं.

"असल सर... पान गेलं असल."

"पान गेलेलं नाही," ते म्हणाले. रागानं नाही, थकून म्हणाले, तेच वाईट. "ऐकीव गोष्टीवर निबंध लिहायचा आणि वर चारदा वाचलं म्हणायचं. भाषा चांगली असून काय उपयोग?" मग त्यांनी दुसरं नाव घेतलं. भालकीचा एक मुलगा होता. त्यानं पुस्तकाचा सारांश लिहिला होता, अगदी बिनचूक.

मला परत येताना रिक्षात, नौबादच्या वळणावर, एकदम कळलं. हे माझं आहे. हे मी केलंय. एवढंच म्हणायचं होतं तिथं. पण मला खात्री आहे, म्हणाले असते तरी त्यांनी मानलं नसतं, आणि मीही मानलं नसतं. शाळा सोडलेल्या पोरीनं पुस्तक वाचलं नाही हे कुणालाही पटतं. तिनं ते दुरुस्त केलं हे कुणाला पटणार? मी आजवर इतक्या कादंबऱ्यांवर चिडले त्याचं मूळ तिथं आहे की काय, देव जाणे. माझी मतं प्रामाणिक आहेत एवढं मला ठाऊक आहे. ती निर्मळ आहेत असं मी म्हणत नाही.

चार दिवसांनी बिराजदार सर स्वतः ते पुस्तक घेऊन नौबादला आले. दारातनंच दिलं. म्हणाले, "एकदा नीट वाच. मला वाटतं तू वाचलं होतंस." एवढंच बोलून गेले. त्यांचे मी आभार मानले नाहीत. ते राहून गेलं ते कायमचं.

मी त्या तिघींना हॉलमध्ये काय झालं ते सांगितलं नव्हतं. नंबर आला नाही एवढंच म्हटलं होतं. त्या दिवशी मी पुस्तक घेऊन बसले आणि मनाशी ठरवलं, आता छापील तेवढंच. मराठीत तेवढंच, कन्नडातही तेवढंच. कुणी जेवलं नाही तर नाही जेवलं. सेनापती उपाशी, मुलं उपाशी. काशीबाई दोनदा म्हणाली, "आज काय झालंय हिला? बातम्या सांगितल्यागत वाचायलीय." दुपारपर्यंत शेवट आला. यान उतरलं. टाळ्या. भाषण. दीड पान. मी मराठीत वाचलं, कन्नडात सांगितलं, आणि पुस्तक मिटलं.

"पुढं?" गंगाक्का.

"संपलं."

"गाळलंस तू," काशीबाई म्हणाली. "दुधाचं गाळलंस. नंबर न्हाई आला म्हणून आमच्यावर राग काढायलीस व्हय?"

"न्हाई त्यात ते. कधीच न्हवतं."

"असं कसं न्हवतं? शंभरदा ऐकलंय आमी." ती उठून आली, पीठ लागलेलं बोट शेवटच्या पानावर ठेवलं. तिला अक्षर येत नव्हतं. "हितं असल. नीट बघ."

मला रडू येत होतं आणि संतापही. तिकडं म्हणतात वाचलं नाहीस, इकडं म्हणतात गाळलंस. मी पुस्तक तिच्यापुढं धरून ओरडले, "न्हाई म्हणते न्हवं! बघा, काय हाय हितं? भाषण हाय. नुसतं भाषण!"

शरणम्मानं तव्यावरची भाकरी उलटली. मग खाली बघतच तिनं कन्नडात विचारलं, "मग तो घरी आलाच नाही?"

एक वाक्य पुरलं असतं. आला, म्हणाले असते तर झालं असतं. पण मी चार दिवस खोटी ठरून बसले होते, आणि मला एकदा तरी खरं ठरायचं होतं.

"न्हाई," मी म्हणाले. "पुस्तकात न्हाई."

तिनं मान हलवली आणि पुढचा उंडा घेतला. दुसऱ्या दिवशी गंगाक्कानं पडवीत, मी वाचायला बसायची तिथं, रेडिओ आणून ठेवला.